पुढच्या ब्रेकची भीती आणि प्रशिक्षणवर्गाची निवड

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, नवशिक्याने मोटरसायकलचा प्रशिक्षणवर्ग कसा निवडावा यावर मुद्देसूद बोलेन, असे मी संयोजकांना कबूल केले आहे. परंतु त्याआधी एक जुनी तक्रार मांडल्यावाचून माझे पाऊल पुढे पडणार नाही.

मी स्वतः अशा एका वर्गात रीतसर पैसे भरून शिकलो. शिकाऊ चौदा आणि गाड्या दोन, असा तो कारभार होता. पहिले दोन दिवस आम्ही रांगेत उभे राहून दुसऱ्यांच्या गाड्या बंद पडताना पाहिल्या आणि तिसऱ्या दिवसापासून एकच विद्या गिरवली, ती म्हणजे जमिनीवर आखलेल्या आठाच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी फिरवणे. परीक्षेत एवढेच विचारतात, असे शिक्षक सांगत, आणि परीक्षेत खरोखरच तेवढेच विचारले गेले. (आपण हसता आहात, पण या सभागृहातील बऱ्याच परवान्यांचा आधार तोच आठ असावा.) वेग घ्या आणि मग जोराने थांबून दाखवा, असे मात्र तिथे मला एकदाही कोणी सांगितले नाही, उलट ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नका, तोंडावर आपटाल’ हा उपदेश रोज होई. महिनाभरातच एक मोटार अचानक आडवी आली, मी गुरूपदेश स्मरून मागचा ब्रेक सगळ्या ताकदीने दाबला, मागचे चाक जाम झाले आणि गाडी फरफटत त्या मोटारीच्या दारापाशी जाऊन पडली. मोटारवाला खाली उतरला आणि त्याने मला पहिला प्रश्न विचारला, तो गाडी कुठे शिकलात हा. मी वर्गाचे नाव तेव्हा सांगितले नाही आणि आजही सांगणार नाही.

त्या उपदेशातली खोट अशी, की ब्रेक लागताच गाडीचा आणि चालकाचा भार पुढच्या चाकावर येतो, तिथली पकड वाढते, मागची घटते, आणि म्हणून कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्याने आवळला तर भार पुढे येण्यापूर्वीच चाक जाम होऊन माणूस पडतो, हे खरे आहे. पण त्यावर उपाय म्हणजे तो आधी हलका लावून मग दाब वाढवत नेण्याचा सराव, ब्रेकशी अबोला नव्हे. एबीएस ही ब्रेकमधली यंत्रणा चाक जाम होऊ देत नाही, परंतु घाबरलेल्या बोटांना ब्रेक दाबायला लावणे त्याच्या हाती नाही. अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० अपघातांची तपासणी करून १९८१ साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यातले ९२ टक्के चालक आपले आपण किंवा नातेवाईक-मित्रांकडून शिकलेले होते, आणि बहुतेकांनी मागचा ब्रेक नको इतका व पुढचा नको तितका कमी वापरला होता. मी फी भरून त्याच ९२ टक्क्यांत जाऊन बसलो, एवढेच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला विषय आता पळत पळत सांगतो. नाव घालण्यापूर्वी एक सकाळ मैदानाच्या कडेला उभे राहून पाहा, की शिकाऊ माणूस गाडीवर किती वेळ असतो आणि रांगेत किती. एका शिक्षकामागे किती जण, हे विचारा; ब्रिटनमध्ये १९९० पासून सक्तीच्या असलेल्या प्राथमिक प्रशिक्षणात मैदानावर चार आणि रस्त्यावर दोनच शिकाऊ चालतात. वेग वाढवत नेऊन थांबण्याचा सराव किती वेळा होतो, हेही विचारा, कारण ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेग असला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, शिवाय ब्रेक लावायला एक सेकंद उशीर झाला तर तेवढ्यात गाडी सुमारे १७ मीटर गेलेली असते. वेगात उजवीकडे वळताना हँडलची उजवी मूठ पुढे ढकलावी लागते, हे करून घेतात का, तेही पाहा. शिकण्याची गाडी हलकी आणि दोन्ही पाय टेकतील अशी असावी. परवान्याची हमी देणाऱ्याला, परवान्यानंतर पहिल्यांदा रहदारीत जाताना सोबत कोण येणार, असे विचारावे. आणि एवढे सारे विचारायला संकोच वाटत असेल, तर पुढच्या ब्रेकला हात लावू का, एवढेच विचारा. उत्तर ‘नको’ असे आले, तर पैसे खिशातच राहू द्या आणि दुसरा वर्ग शोधा.