मावशी म्हणजे नेमकी कोण?

(अंधार. लाटांचा आवाज. वाळूवर लाल उजेडाचा छोटा गोल.)

पहाटेचे साडेचार. रत्नागिरी जिल्ह्यातला, मंडणगड तालुक्यातला वेळासचा किनारा. भरतीच्या रेषेपासून वर गेलेली आणि पुन्हा पाण्याकडे वळलेली, ट्रॅक्टरच्या चाकासारखी एक नक्षी वाळूत उमटली आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवीण अंडी घालून गेली.

घरटी राखणारा गावातला कासवमित्र आता बारीक काठीने वाळू चाचपतो. भुसभुशीत लागली की काठी बाजूला ठेवतो आणि हातानेच उकरतो. दीडेक फूट खोल, तळाशी रुंद, मडक्याच्या आकाराचा खड्डा. अंडी शंभरच्या आसपास. ती उचलताना फिरवायची नाहीत, वरची बाजू वरच ठेवायची. काही तासांतच आतला जीव कवचाला चिकटू लागतो, आणि मग अंडं उलटलं तर तो मरतो. म्हणून हे काम उजाडायच्या आत. घरटी राखायला केलेल्या कुंपणात तसाच खड्डा, तेवढाच खोल, आणि वर पाटी: तारीख, अंड्यांची संख्या. राहिलेल्या घरट्यावर कोल्ही-कुत्री टपलेली असतातच.

सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने 2002 साली इथे कासवांचं काम सुरू केलं. आज पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात, गावातल्या घरांत उतरतात, जेवतात. दोरीच्या अलीकडे उभं राहून फोटो काढतात. दोरी कोणी बांधली, हे कुणी विचारत नाही. विचारायचं कारणही नसतं. पण गावाने विचारायला हवं, कारण पाहुण्यांसाठी आणि किनाऱ्यासाठी राबणाऱ्यांचा वर्षातून एकदा गाव सत्कार करतं.

(घराची पडवी. लाकडी टेबलावर अभिप्रायाची वही. पानं उलटतात.)

वहीत काय लिहिलंय ते बघा. ‘मावशींच्या हातचे मोदक अप्रतिम.’ ‘काकूंनी घरच्यासारखं केलं.’ ‘दादांनी किनारा दाखवला, धन्यवाद.’ वही भरली, पण एकाही पानावर नाव नाही. घरात मावशी तीन असतात: घरमालकीण, स्वयंपाकाला येणारी, भांडी-कपडे बघणारी. पाहुण्याला भेटते ती पहिली. मोदक वळते ती दुसरी. गावाने वही समोर ठेवून निवड केली, तर शाल कुणाच्या खांद्यावर जाणार हे सांगायला नको.

वहीतला दुसरा दोष म्हणजे ती गोड बोलणाऱ्याला झुकतं माप देते. हिंदी बरी असेल, फोटोला हसून उभं राहता येत असेल, त्याच्या वाट्याला कौतुक जास्त. चुलीपाशी, संडासापाशी, विहिरीपाशी काम करणारा वहीत येत नाही. हॉटेलातला नेपाळी आचारी तर मुळीच नाही. तो ‘गावचा’ नाही म्हणून सत्काराची नावं ठरवणाऱ्या समितीच्या यादीतूनही गळतो. त्याने चार हंगाम गावाला जेवू घातलं असेल, तर तो गावचाच.

(स्वयंपाकघर. वाफ. हळदीची पानं. हातांचं जवळून चित्रण.)

मोदकाचंच घ्या. तीस जणांची पंगत, पानावर दोन, म्हणजे साठ मोदक. किलोभर पिठी, चार-पाच नारळ, खवलेल्या खोबऱ्याच्या निम्मा गूळ. पिठीला मापास माप पाणी, त्यात चिमूट मीठ आणि चमचाभर तेल. खरं काम त्यानंतरचं. उकड गरम असतानाच मळायची, हात पाण्यात बुडवत, भाजत. निवली की पारीला कडेने चिरा पडतात आणि मोदक वाफेत फुटतो. सारण ओलं राहिलं तर गूळ खालून गळतो. पिठी जुनी असेल तर कळ्या उभ्याच राहत नाहीत. सराईत हाताला एका मोदकाला मिनिटभर लागतं, म्हणजे नुसतं वळायलाच तास. एकच्या पंगतीसाठी दहाला खोबरं खवलेलं हवं.

निवडसमितीने हे बघायला जायचं ते शनिवारी नाही. शनिवारी सगळेच सावध असतात. मंगळवारी जा, न सांगता, तेही मागच्या दाराने. पाणी उकळून गार केलेलं आहे का, मासळीची सुरी आणि भाजीची सुरी वेगळी आहे का, उरलेलं सांबार कुठे गेलं. आणि संडास बघा. पाच माणसांच्या घराची टाकी सुट्टीत वीस माणसांचा भार घेते. पावसाळ्यात ती तुंबते तेव्हा पाहुणे गेलेले असतात आणि ज्याला ती उपसायची तो मागे राहतो. एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली की शॉवर बंद करून वीस लिटरची बादली देणारी, आणि पाहुण्याला न दुखावता त्याचं कारण सांगणारी बाई ही यादीत वरच असायला हवी.

(दुपार. समुद्र. लाटांच्या दोन पट्ट्यांमध्ये शांत, गढूळ पाण्याची वाट.)

किनाऱ्यावरच्या स्वयंसेवकांची निवड सगळ्यात जास्त चुकते. ज्याने बुडणाऱ्याला बाहेर ओढलं त्याचा फोटो येतो, सत्कार होतो. बरोबरच आहे. पण चांगल्या माणसाच्या पाळीत कुणी बुडतच नाही, मग दाखवायला काही उरत नाही.

तो काय करतो? भरतीची वेळ त्याच्या बोटांवर असते. जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. उधाणाच्या ओहोटीला पाणी जोरात मागे खेचतं, आणि ते खेचतं ते नेमकं जिथे लाटा फुटत नाहीत तिथून. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते, लहान मुलांना घेऊन लोक तिथेच उतरतात. तिथे लाल फडकं रोवायचं, शिट्टी मारायची, शिव्या खायच्या. सोबत बुडणाऱ्याकडे फेकायला झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन आणि पंचवीस मीटर दोर. उडी मारायची ती अगदी शेवटी, कारण घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच खाली दाबतो.

असा माणूस शोधायचा तर रोजची वही हवी. तारीख, भरतीची वेळ, किती जणांना माघारी बोलावलं. दिवसाला तीन ओळी पुरतात.

(देवळाचा सभामंडप. बाहेर पाऊस. बैठक.)

पद्धत अवघड नाही. दोन महिने आधी प्रत्येक वाडीत नावं मागवायची. लिहिता येत नसेल त्याने फोनवर बोलून पाठवावं. ज्याच्या घरच्या माणसाचं नाव आलं, त्या सदस्याने त्या चर्चेपुरतं बाहेर जायचं. गावात सगळेच एकमेकांचे कोणीतरी लागतात, त्यामुळे बैठकीतल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील. होऊ द्या. नाव पक्कं करण्याआधी तिघांना विचारायचं: बरोबर काम करणाऱ्याला, शेजाऱ्याला आणि शेवटी पाहुण्याला. आणि ज्याचा सत्कार, त्याची परवानगी. पत्रिकेवर ‘सौ.’ की ‘श्रीमती’, माहेरचं नाव की सासरचं, हे त्या बाईलाच विचारावं.

मानपत्रात ‘अतुलनीय सेवा’ नको. ‘या हंगामात 14 घरटी हलवली, सगळी उजाडायच्या आत’ असं लिहा. ते ऐकून पुढच्या वर्षी कुणीतरी घरटी मोजायला लागतो.

शाल-श्रीफळाचं काय करायचं? श्रावणातल्या दमट हवेत शाल ट्रंकेत जाते, आणि नारळ ज्याच्या परसात दहा माड आहेत त्यालाच दिला जातो. त्या पैशांत लाल काचेचा डोक्यावरचा दिवा येतो, गमबूट येतात, जाड तळाचं पातेलं येतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता 20 रुपये आहे, अपघाती मृत्यूला 2 लाखांचं संरक्षण. मुदत 1 जून ते 31 मे. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, आणि मे महिन्यात खात्यात शिल्लक नसली की विमा गुपचूप संपतो. समितीने मेच्या मध्यावर प्रत्येक स्वयंसेवकाची पासबुकं बघावीत.

सत्काराचा दिवस निवडताना मे नको, शिमगा नको, गणपती तर नकोच. तेव्हा हीच माणसं राबत असतात. लावणी संपलेली, पाहुणे तुरळक, अशी नारळी पौर्णिमेच्या आधीची एखादी दुपार बरी. दीड तासात आटपेल एवढीच भाषणं.

(पंगत. केळीची पानं. वाढपी फिरताहेत.)

आणि जेवण. दरवर्षी होतं काय, की सत्काराच्या दिवशीचा स्वयंपाक सत्कारमूर्तीच करतात. नाव पुकारलं की पदराला हात पुसत व्यासपीठावर येतात, नारळ घेतात, परत चुलीपाशी जातात. म्हणून त्या दिवशी जेवण शेजारच्या गावच्या बचत गटाला सांगा, पैसे देऊन. भातवाढीनंतर पंगतीतल्या तीन-चार जणी हमखास उठतात, वरण घेऊन फिरायला. तेव्हा एक खमका माणूस पंगतीच्या टोकाला उभा ठेवा आणि पातेली आतल्या खोलीत.