कोटेशनच्या कागदात काय दडलंय?

नमस्कार श्रोतेहो. नवीन डेस्कटॉप घ्यायचा ठरला की आपण दोन-तीन दुकानं फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी हातात एक कागद पडतो: कोटेशन. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो नाहीतर तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं दुकान, कागद साधारण सारखाच. आज तसाच एक कागद तुम्हाला वाचून दाखवते. पेन जवळ असेल तर बरं.

'आय-सेव्हन प्रोसेसर. एच ६१ बोर्ड. आठ जीबी रॅम. २५६ जीबी एसएसडी. कॅबिनेट विथ एसएमपीएस. एक वर्ष वॉरंटी.' खाली किंमत, आणि ती शेजारच्या दुकानातल्या आय-थ्रीपेक्षाही कमी! ऐकणाऱ्याला वाटतं, आय-सेव्हन इतक्या स्वस्तात? घेऊनच टाकू.

घोडं इथेच पेंड खातं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आणि आय-सेव्हन हे झालं इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं नुसतं आडनाव. त्यावरून माणूस कळत नाही, पूर्ण नाव विचारावं लागतं. विचारलंत की उत्तर येईल, आय-सेव्हन २६००. हा प्रोसेसर बाजारात आला जानेवारी २०११ मध्ये. म्हणजे तुमच्या 'नवीन' कॉम्प्युटरमध्ये कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना प्रोसेसर बसवलेला असतो. उलट आय-थ्री १२१०० हा २०२२ चा. दोघांनाही कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, चारच, आणि थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळायची कामं, आठच, पण एकेका कोअरचा वेग नव्यात जवळपास दुप्पट. नंबर वाचायची रीत सोपी आहे. शेवटचे तीन आकडे झाकायचे, पुढे उरेल ती पिढी. २६०० ची दुसरी, १२१०० ची बारावी. इंटेलच्या अलीकडच्या कोअर अल्ट्रा मालिकेला मात्र ही रीत लावू नका, तिथे नंबर नव्याने सुरू झाले आहेत.

आता बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड. एच ६१ आणि एच ६१०, फरक एका शून्याचा. त्या शून्यात दहा-अकरा वर्षं गेली आहेत! एच ६१ दुसऱ्या-तिसऱ्या पिढीसाठी, त्यावर जुन्या डीडीआर-थ्री प्रकारची रॅम, म्हणजे चालू काम ठेवणारी तात्पुरती मेमरी. एच ६१० बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी. गंमत म्हणजे एच ६१ चे बोर्ड आजही कोरे, खोक्यात बंद असे मिळतात, त्यामुळे दुकानदार 'बोर्ड नवीन आहे' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो.

जुन्या पिढीची दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तपासणी चुकवून ते जुन्या मशिनवर चढवून देणारे आहेत, पण पुढचे अपडेट येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशिनवर बँकेचे व्यवहार करायचे, तिथे ही जोखीम कशाला?

नंबराच्या शेवटचं अक्षरही बघा. इंटेलमध्ये शेवटी 'एफ' असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घेतल्याशिवाय मॉनिटरवर काही दिसणार नाही. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये ५६००जी ला ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६०० ला नाही. लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्या मुलांना माझं सांगणं, थोडे पैसे वाचतात म्हणून 'एफ' घेऊ नका. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सचा व्हिडिओ उघडताना आणि एक्स्पोर्ट करताना चांगला उपयोग होतो.

रॅमचं गणित सध्या बिघडलंय. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरीची प्रचंड गरज लागली आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. सोळा जीबी जमलं तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या, वेग चांगला मिळतो. आठच परवडत असेल तर मात्र आठची एकच पट्टी घ्या. चार-चारच्या दोन घेतल्या तर दोन्ही स्लॉट अडतात आणि पुढे वाढवताना जुन्या काढून टाकाव्या लागतात.

एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी चिपची डिस्क, तिच्याबद्दल वाद नाही. विंडोज हार्ड डिस्कवर टाकायचे दिवस गेले. एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगाची एसएसडी घ्या, शक्यतो ५१२ जीबीची.

आता 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. या तीन शब्दांकडे कुणी बघत नाही आणि निम्मं दुखणं इथून सुरू होतं. घरात येणारी वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा हा डबा. त्यावर ठळक ४५० वॅट लिहिलेलं असतं. ते सोडा, बाजूचा स्टिकर वाचा. आजचा कॉम्प्युटर बहुतेक वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतो. समजा तिथे १६ अँपिअर लिहिलंय, तर बारा सोळे एकशे ब्याण्णव. म्हणजे खऱ्या कामाचे वॅट १९२! साध्या ऑफिसच्या मशिनला तेवढे पुरतील, पण पुढे ग्राफिक्स कार्ड बसवलं की मशिन मध्येच बंद पडायला लागतं आणि दोष विंडोजला. ज्यांच्याकडे व्होल्टेज सारखं वरखाली होतं, त्यांनी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, पण एसएमपीएस '८० प्लस', म्हणजे वीज कमी वाया घालवतो अशा प्रमाणपत्राचा, नावाजलेल्या कंपनीचा, वेगळा विकत घ्यावा. माझं मत ठाम आहे, आणि दुकानदाराला ते आवडत नाही.

कुणी महा ई-सेवा केंद्र टाकत असेल तर आणखी एक. ६०० व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअरचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. त्यावर कॉम्प्युटर आणि मॉनिटर लावा, लेझर प्रिंटर लावू नका. लेझर गरम होताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस शिट्ट्या मारत बंद होतो आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो.

मशिन तयार झालं की दुकानातच सुरू करायला सांगा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयूपुढे प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, मेमरीमध्ये किती स्लॉट भरले ते कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, संकोच करू नका.

आणि बिल पक्कं घ्या. अठरा टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार करणारे पुष्कळ आहेत. पण 'एक वर्ष वॉरंटी' ही दुकानदाराची असते, कंपनीची वेगळी. खोक्यातल्या नव्या प्रोसेसरला सहसा तीन वर्षं मिळतात, चांगल्या एसएसडीला तीन किंवा पाच. ती वसूल करायची तर बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर हवा. दुकानदार म्हणेल, 'ताई, आम्ही इथेच आहोत, काय काळजी करता?' म्हणू द्या. नंबर लिहून घ्या, आणि रिकामी खोकी माळ्यावर टाका.

नमस्कार.