लांबून न मारणारा सात फुटी माणूस

नमस्कार श्रोतेहो. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेबद्दल एका श्रोत्यांनी पत्रातून विचारलंय, "एनबीएमध्ये आता जो तो लांबून तीन गुणांचे शॉट मारतो. मग ज्याला लांबून मारताच येत नाही, अशा सात फुटी माणसाला तिथे काम उरलंय का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. काम उरलंय. फक्त पूर्वीसारखं उंचीच्या जोरावर मिळत नाही.

अडचण काय, ते नुसत्या बेरजेत कळतं. लांबून 100 शॉट मारले आणि 36 गेले, तर 108 गुण झाले. रिंगजवळून मारणाऱ्याला तेवढेच गुण करायला दोन-दोन गुणांच्या 54 बास्केट लागतात. पुन्हा सांगतो, लांबून 36, जवळून 54. त्यात ज्याला लांबून मारता येत नाही, त्याच्या मागे बाहेर कोण फिरणार? त्याचा राखणदार खुशाल रिंगखाली उभा राहतो आणि बाकीच्या चौघांची वाट अडवतो.

आता माझा आवडता किस्सा. घरच्यांना पाठ झालाय, तुम्ही पहिल्यांदाच ऐकताय.

रूडी गोबेर. फ्रान्सचा, सात फूट एक इंच. जमिनीवर उभं राहून हात वर केला, तर रिंगला वीतभरही कमी पडत नाही. सर्वोत्कृष्ट बचावपटूचा मान चार वेळा मिळवला, तरी टीकेचा धनी हाच! 2022 साली त्याच्यासाठी मिनेसोटा संघाने पाच खेळाडू आणि नवे खेळाडू निवडण्याचे पहिल्या फेरीतले चार हक्क मोजले, तेव्हा लोक हसले. 2024 च्या मे महिन्यात डॅलसच्या लुका डॉन्चिचने त्याला बाहेर ओढून आणलं, नाचवलं आणि तीन सेकंद उरले असताना त्याच्या डोक्यावरून तीन गुणांचा शॉट घातला. डॅलस 109, मिनेसोटा 108. ती चित्रफीत माझ्या पुतण्याने मला किती वेळा पाठवली असेल, विचारू नका.

पुढच्या वर्षी डॉन्चिच लॉस एंजेलिसच्या लेकर्समध्ये आला. त्याच्या बदल्यात लेकर्सनी आपला उंचपुरा अँथनी डेव्हिस देऊन टाकला. मग दुसरा एक उंच खेळाडू घेतला, पण वैद्यकीय तपासणीनंतर तो सौदा मोडला. म्हणजे संघात चमकते तारे दोन, आणि रिंगखाली भरवशाचं कोणी नाही. विजेतेपदाच्या बाद मालिकांमध्ये पहिल्याच फेरीत गाठ पडली मिनेसोटाशी. चौथ्या सामन्यात तर प्रशिक्षक रेडिकनी दुसऱ्या अर्धात तेच पाच खेळाडू अखेरपर्यंत ठेवले, त्यात सेंटर, म्हणजे रिंगखाली राहणारा उंच खेळाडू, एकही नाही.

पाचवा सामना तिकडे 30 एप्रिलच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे 1 मेची सकाळ. महाराष्ट्र दिन! सोसायटीत झेंडावंदन, आणि झब्ब्याच्या खिशात मोबाइल. पुतण्या कानाशी कुजबुजला, "काका, तुमचा खांब आज बाकावर बसणार. मिसळीची पैज!" राज्यगीत संपेपर्यंत मी खिशाला हात लावला नाही, हे मुद्दाम सांगतो. (आमच्या सोसायटीतला ध्वनिक्षेपक दर वर्षी नेमका भाषणांच्या वेळीच ठणठणीत कसा असतो, हे एक कोडंच आहे.)

मग जिन्यात बसून दोघांनी सामना पाहिला. मिनेसोटाचे शॉट जाईनात. त्यांचा तारा अँथनी एडवर्ड्सने लांबून अकरा मारले, एकही गेला नाही. अख्ख्या संघाने लांबून 47 मारले आणि घातले फक्त सात. 47 पैकी सात, श्रोतेहो! एवढ्यावर कुठलाही संघ हरायला हवा. पण उरलेल्या चाळीस चेंडूंचं काय? ते पडणार रिंगच्या आसपास. आणि तिथे उभा कोण?

गोबेर एकेक चेंडू वरच्या वर उचलत होता. आंब्याच्या झाडाखाली पोरांनी दगड मारावेत, आणि उंच काकाने हात वर करून कैरी काढावी, तसा. 27 गुण, 24 रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू. पंधरा शॉट मारले, त्यातले बारा घातले. मिनेसोटा 103, लेकर्स 96, मालिका खिशात. डॉन्चिच समोरच होता. पुतण्या बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "ही काही रोजची गोष्ट नाही." पैज तो हरला, मिसळीचे पैसे मात्र मीच दिले.

त्याचं म्हणणंही खोटं नाही. 2021 साली गोबेर युटाकडून खेळत असताना क्लिपर्स नावाच्या संघाने असेच बुटके खेळाडू उतरवले होते. रिंग राखायला गोबेर आत राहिला आणि टेरन्स मान नावाच्या खेळाडूने 39 गुण ठोकले, त्यातले निम्म्याहून जास्त बाहेरून. युटा पंचवीसने पुढे असून हरला, घरी गेला. तेव्हा पहिली अट लक्षात ठेवा. समोरचे बुटके असले, की या माणसाने रिंगखाली त्यांच्याकडून वसुली करायची. वसुली झाली तर तो राजा, नाही झाली तर ओझं. वसुली झाली तर राजा!

दुसरी अट म्हणजे शेजार. 2025 चा विजेता संघ ओक्लाहोमा घ्या. त्यांचा हार्टेनस्टाइन लांबून मारत नाही, पण जोडीचा होल्मग्रेन सात फुटी असून मारतो. याच ओक्लाहोमाने पुढे मिनेसोटाला चार-एकने हरवलं.

आणि तिसरी अट फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याने फाउल केल्यावर मिळणारा मोकळा शॉट. इथे माझी जुनी तक्रार आहे. आपल्याकडे शाळेत मुलगा जरा उंच दिसला, की सर त्याला रिंगखाली नेऊन उभा करतात आणि सांगतात, हात वर ठेव. फ्री थ्रो शिकवतो कोण? पंधरा फुटांवरून, कोणी अडवत नसताना मारायचा शॉट! तो न येणाऱ्याला शेवटच्या मिनिटांत समोरचे मुद्दाम फाउल करतात, आणि मग प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतात. बरं, सराव करायचा कुठे, तर मैदानावर शिक्षकांच्या स्कूटर लावलेल्या.

असो, नियंत्रण कक्षातून घड्याळ दाखवतायत. पत्र पाठवणाऱ्या श्रोत्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली आहे: "माझा मुलगा नववीत आहे, सहा फूट तीन इंच, आणि त्याला कॅरम आवडतो." खेळू द्या हो त्याला कॅरम. नमस्कार.