कानबाई काही वाघावर बसत नाही

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय आहे कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या कला. एआय म्हणजे काय हे सांगत बसत नाही, घरातल्या नववीतल्या पोराने ते तुम्हाला केव्हाच दाखवलेलं असणार. चित्र हवं, गाणं हवं, लग्नपत्रिकेचा मजकूर हवा, दोन ओळी टाइप करा की समोर हजर.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, मध्ये पुन्हा सांगेन. जे जगात पुष्कळ आहे, ते या यंत्राला छान येतं. जे थोडं आहे, ते येत नाही. चित्रं काढणारी ही यंत्रं इंटरनेटवरची चित्रं आणि त्यांच्याखालचा मजकूर अशा जोड्या पाहून शिकतात. २०२२ साली जाहीर झालेल्या लायन-५बी नावाच्या संग्रहात अशा ५८५ कोटी जोड्या होत्या. एवढ्या ढिगाऱ्यात आपल्या खानदेशाच्या वाट्याला किती आलं असेल, ते आता ऐका.

श्रावणाचे दिवस. नागपंचमी झालेली, रविवारी आपली खानदेशी देवी कानबाई घराघरात बसणार. अमळनेरला एका जुन्या पेंटरकडे मी चहाला गेलो होतो. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. एके काळी गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. खडूची पूड लावलेला दोरा भिंतीवर ताणून सोडायचे, सरळ रेघ उमटायची आणि त्या रेघेवर अक्षरं बसायची. फ्लेक्स आला आणि ते काम गेलं. (फ्लेक्सचं एक सांगतो, गावात शिरताना हात जोडून हसणारे तीसतीस चेहरे दिसतात, त्यातला एकही ओळखीचा निघत नाही. वाढदिवस असतो कुणाचा, ते शेवटपर्यंत कळत नाही.)

तर आप्पांकडे गल्लीतली पोरं आली. मंडळाचा बॅनर करायचा होता. एकाने मोबाइल पुढे केला. चित्र झकास! आभाळात सोनेरी उजेड, मागे ढग, आणि मधोमध आठ हातांची देवी, डोक्यावर मुकुट, खाली वाघ.

आप्पांनी चष्मा वर केला. "हाई कोन शे रे भो?"

"कानबाई, आप्पा."

"आपली कानबाई वाघवर बठस का?"

पोरगं गप्प. आता तुम्हाला काय सांगायचं, कानबाई म्हणजे नारळ. चौरंगावर बसलेला, डोळे रेखलेला, नथ घातलेला, साडी नेसवलेला नारळ. पोराने लगेच तसं टाइप केलं. दुसरं चित्र आलं. त्यात हिरवंगार शहाळं होतं, वर स्ट्रॉ खोचलेली, मागे समुद्र! आप्पा इतके हसले की चहा बशीतून सांडला. पोराने आणखी सविस्तर लिहिलं, साडीचा रंग टाकला, नथ टाकली. तिसऱ्या चित्रात नारळाला बाहुलीचा गुलाबी चेहरा आला, फुगरे गाल, निळे डोळे.

मग आप्पांनी एक जुनी लग्नपत्रिका उलटी केली आणि बॉलपेन घेतला. आधी नारळाचा आकार, मग डोळे. डोळे लांब काढले, टोकं कानाकडे ओढलेली. म्हणाले, आमची आजी काजळाने असेच काढायची, बोटाने, काडीने नाही. नथ चेहऱ्याच्या मानाने मोठी काढली. पदर दोन्ही बाजूंनी खाली सोडला. पाच-सात मिनिटांचं काम. पोरं पत्रिकेचा फोटो काढून निघाली, तेव्हा आप्पांनीच हाक मारली, म्हणाले, ते सोनेरी आभाळ मात्र राहू द्या, चांगलं आहे.

तसाच बॅनर लागला. मागचं आभाळ यंत्राचं, पुढची कानबाई आप्पांची. रविवारी रात्री जागरणाला निघालेल्या एक आजीबाई बॅनरपुढे थांबल्या आणि सोबतच्या सुनेला विचारलं, "हाई कोना घरनी कानबाई शे वं माय?" घराघराची कानबाई वेगळी असते ना! आजींनी बॅनर पाहून घर विचारलं. वाघावरच्या देवीला कुणी हे विचारलं असतं?

पुन्हा सांगतो, जे पुष्कळ आहे ते यंत्राला येतं, जे थोडं आहे ते येत नाही. आणि धोका इथेच आहे. २०२४ साली 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस'मध्ये डोशी आणि हाउझर या दोघांचा प्रयोग छापून आला. एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या छोट्या गोष्टी वाचणाऱ्यांना सरस वाटल्या, मुळात कमी कल्पक असलेल्या लेखकांना तर जास्तच फायदा झाला. पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या निघाल्या. एकेकट्याचं भलं, सगळ्यांचं मिळून नुकसान. गॅसवरच्या भरतासारखं आहे हे, पटकन होतं आणि सगळ्या घरांत एकाच चवीचं लागतं. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजलेलं नसेल तर मी त्याला भरीत म्हणतच नाही, पण ते राहू द्या.

यंत्राशी माझं भांडण नाही. कॅमेराही यंत्रच. आपल्या चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून, खरी वाटावीत अशी दृश्यं टिपली. टेबलावर काय ठेवायचं, हे कॅमेऱ्याने नाही ठरवलं.

आवाजाचं प्रकरण जास्त नाजूक आहे. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने एका गाण्यात आणले, पण घरच्यांना विचारून आणि मोबदला देऊन. न विचारता आवाज उचलणारेही आहेत. त्यावरून अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिलं. आपल्याकडे वही, म्हणजे खानदेशी लोकगाणी, गाणाऱ्याला कोर्टाची पायरी चढणं कुठून जमणार? म्हणून रेकॉर्डिंग करताना सुरुवातीलाच गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून म्हणवून घ्या. इंटरनेटवर टाकायचं असेल तर आधी त्यांना विचारा, आणि नाही म्हणाले तर टाकू नका.

वेळ झाली. पुढच्या आठवड्यात याच वेळी केळीवरच्या करप्याविषयी कृषी अधिकारी बोलतील. नमस्कार.