कॅमेरा म्हणजे खोली

नमस्कार, श्रोतेहो. पेपरात 'इन कॅमेरा सुनावणी' असं वाचलं की वाटतं, कोर्टात चित्रीकरण चाललं असणार. असतं उलटंच. दार लावलेलं, बाहेरच्या माणसाला मज्जाव. कारण लॅटिन भाषेत कॅमेरा म्हणजे खोली. 'इन कॅमेरा', म्हणजे खोलीच्या आत. आपल्याकडे मात्र 'इन कॅमेरा शवविच्छेदन' झालं अशी बातमी येते, तेव्हा खरंच चित्रीकरण केलेलं असतं! शब्द एक, अर्थ दोन टोकांचे.

लॅटिनने तो ग्रीकांकडून उचलला. तिथे 'कमारा' म्हणजे कमानदार छत. छताचं नाव पुढे खोलीला पडलं. 1604 साली योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' असे शब्द वापरले. म्हणजे अंधारी खोली. एका भिंतीला बारीक छिद्र ठेवायचं, की समोरच्या भिंतीवर बाहेरचं दृश्य उलटं उमटतं. कालांतराने खोलीची पेटी झाली, 'ऑब्स्क्युरा' गळालं, उरला कॅमेरा.

इटलीत आजही हॉटेलात कॅमेरा मागितलात तर खोलीची किल्ली मिळेल. स्पेनमध्ये एका खोलीत राहणारे सैनिक झाले 'कामारादा'. तोच आपला कॉम्रेड. म्हणजे मुळात रूम पार्टनर!

फ्रेंचांनी या शब्दाचं काय केलं, ते मला सगळ्यात आवडतं. मधला स्वर गळाला, 'म' आणि 'र' एकमेकांना भिडले आणि त्यांच्यात हळूच 'ब' शिरला. झालं 'शांब्र'. नवल वाटतंय? जरा 'आम्र' म्हणून पाहा. ओठ मिटून उघडताना 'ब' आपसूक डोकावतो. म्हणून तर आम्रचा आंबा झाला आणि ताम्रचं तांबं. आपल्याकडे नंतर 'र'सुद्धा गेला, फ्रेंचांनी तो जपला.

फ्रेंचांकडून तो इंग्रजीत गेला आणि चेंबर होऊन आपल्याकडे आला. वकिलाचं चेंबर तेच आणि पावसाळ्यात गल्लीत तुंबतं ते चेंबरही तेच.

पोर्तुगीज मात्र इंग्रजांच्या आधीच, 1510 मध्ये, गोव्यात उतरले होते. त्यांचा 'कामरा' हिंदीत 'कमरा' होऊन बसला. तेव्हा हिंदी बातम्यांत कुणी 'कमरे में कॅमेरा' म्हणालं, तर कान द्या. एकच शब्द दोनदा ऐकू येईल.