पाळणा उभा राहतो तेव्हा

[दृश्य : मैदान, पहाट. ट्रकमधून लोखंड उतरतंय.]

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी लागते आणि बेळगावच्या मैदानात लोखंड उतरू लागतं. चंदगड-गडहिंग्लजची पोरं थोडी उशिरा येतात, मामाच्या घरी. इथल्या शाळा मे संपता संपता भरतात, तिकडच्या जूनच्या मध्यावर. पाळणेवाल्यांचा हंगाम असा दोन राज्यांच्या सुट्ट्यांवर चालतो.

[दृश्य : खालची चौकट, पाण्याची नळी.]

आकाशपाळण्याचं निम्मं काम जमिनीवरच असतं. लोखंडी चौकटीखाली रुंद लाकडी स्लीपर टाकतात, म्हणजे वजन एका जागी रुतत नाही. मग गवंड्याची पाण्याची नळी लावायची. दोन्ही टोकांचं पाणी एका रेषेत येईपर्यंत पाचरी ठोकायच्या. पायाशी बोटभर कललं, तर वर चार बोटं कलतं.

खानापूर बाजूची जांभ्याची जमीन यासाठी बरी. अथणी-सौंदत्तीकडचं काळं रान मात्र फसवं. उन्हात भेगाळलेलं, कडक. वळीव झाला की फुगतं, मऊ पडतं. तिथे पावसानंतर नळी पुन्हा लावायलाच हवी, आणि तीही पहिलं तिकीट फाडायच्या आधी.

[दृश्य : आरे चढतायत.]

चेन-पुलीनं शाफ्ट, म्हणजे चाकाचा मधला आस, वर जातो. पहिला आरा बसला की दुसरा त्याच्या शेजारी नाही, बरोबर समोर. एका बाजूला वजन साचलं तर चाक आपोआप फिरेल, वर चढलेल्या माणसासकट.

[जवळून : पिन.]

प्रत्येक जोडात एक जाड पिन, आणि ती निसटू नये म्हणून तिच्या टोकात ही करंगळीएवढी स्प्लिट पिन. हिची दोन्ही टोकं फाकवलेली हवीत. सरळ राहिली तर थरथरीनं गळून पडते, मग जाड पिन सरकू लागते. जुनी ठोकून सरळ केलेली पुन्हा वापरली, तर वाकल्या जागी तुटते. नवी काही महाग नसते. तिच्या जागी खिळा किंवा तार दिसली, तर त्या पाळण्यात बसू नये.

[दृश्य : माणसं बसतायत.]

बारा पाळणे असतील, तर पहिल्यानंतर सातवा भरतात, मग चौथा, मग दहावा. ‘मधेच का थांबवलं?’ म्हणून पोरं ओरडतात, पण थांबवतात ते वजन एका बाजूला साचू नये यासाठी.

[दृश्य : जनरेटर, अर्थिंगचा खड्डा.]

खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असतो. पण मेच्या उन्हात तो कोरडा पडला, की अर्थिंग नावापुरतंच. रोज बादलीभर पाणी ओतायचं, एवढंच काम.

[दृश्य : ढग, धूळ.]

वळिवाआधी वारा सुटतो. धूळ उठली की नवं कुणी चढवायचं नाही. बसलेल्यांना समोरासमोरच्या जोडीनं उतरवायचं. रिंगला घासून चाक फिरवणारा टायर ओला झाला की घसरतो, आणि थांबायचं तिथं चाक थांबत नाही. अपघात झाला की चार दिवस तपासणी कडक होते.

[दृश्य : पावसानंतरचं मैदान.]

मिरची भज्यांच्या गाड्यावर गर्दी आहे. रिकाम्या पाळण्याखाली दोघं पाण्याची नळी धरून उकिडवे बसलेत.