पावनखिंड झाली, आता गोमुख

नमस्कार श्रोतेहो. पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात चालून आलेली मंडळी आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्यातले बरेच जण पुढचा बेत गोमुखचा, म्हणजे गंगोत्रीच्या वरच्या गंगेच्या उगमाचा, आखतात. पाय तयार असतात, त्यात वाद नाही. तिथं अडतं ते श्वासापाशी.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर. गंगोत्री 3,100च्या आसपास, तर गोमुख 4,000च्या जवळ. एवढ्या उंचीवर छातीभर श्वास घेतला, तरी समुद्रकाठच्या मानानं जेमतेम 60 टक्के प्राणवायू मिळतो. त्यात उत्तरकाशी ते गंगोत्री हा 100 किलोमीटरचा रस्ता गाडी एका दिवसात पार करते आणि शरीर जवळजवळ 2,000 मीटर वर जातं. म्हणून गंगोत्रीत दोन रात्री काढा. रजा वाचवायला नेमका हाच मुक्काम कापला जातो, आणि मग गोमुखच्या वाटेवरच्या भोजबासाच्या मुक्कामी रात्रभर डोकं धरून बसावं लागतं. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाही, असं झालं तर पुढं चढू नका. बसल्या जागी धाप लागली किंवा तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न बघता खाली उतरा. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांशीच बोला.

हा भाग गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतो. वन खात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला 150 जणांनाच सोडतात, तेव्हा परवान्याचं आधी बघा, तिकिटांचं नंतर. गंगोत्रीहून चीडबासा 9 किलोमीटर, भोजबासा 14. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात वरून दगड येतात. रात्री गोठून धरलेली माती उन्हानं सैल होते, दुपारी वारा सुटतो, ओढ्यांना वितळलेल्या बर्फाचं पाणी चढतं. सकाळी सहाला निघून दुपारच्या आत हा पट्टा ओलांडावा. तिथं डबा उघडून बसू नये.

भोजबासाहून गोमुख चार किलोमीटर. हिमनदीच्या तोंडाशी बर्फाचे कडे लोंबत असतात, ते न सांगता कोसळतात. फोटो लांबूनच काढा. गंगाजल भोजबासालाही भरता येतं, पाणी तेच आहे.

आणि आपला आषाढ-श्रावणाचा हंगाम तिथं चालत नाही, त्या दिवसांत दरडी रस्ता बंद करतात. मेचा मध्य ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबरअखेर. सुती बनियन घामानं भिजून थंडी भरवतो, आत लोकरीचा घाला.